दौंडचे शनिवार

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दूध थंड ठेवायची स्टीलची टाकी असते. तिच्या अंगावर एक करड्या रंगाचा डबा बसवलेला असतो. तो तापमान दाखवतो, कॉम्प्रेसर चालू-बंद करतो, दूध ढवळणारी मोटर फिरवतो. त्या डब्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम नव्यानं लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं. जुनी चिप बाजारातून बंद झाली होती आणि जुना प्रोग्रॅम नव्या चिपवर जसाच्या तसा बसत नव्हता. साहेब फोनवर म्हणाले, "बसवता बसवता जरा साफसूफ पण करून टाका, मॅडम. फक्त डब्याचं वागणं बदलता कामा नये. आत काही झालंय हे केंद्रावर कुणाला कळायलासुद्धा नको."

कंपनी पुण्यात, मी शिरूरला. आमचं ऑफिस नावापुरतंच उरलं होतं, ज्यानं त्यानं आपापल्या घरून काम करायचं. अम्मी गेल्यापासून घरात मी एकटीच. भाऊ पुण्याहून दर वेळी म्हणायचा, "ये की इकडं, तिथं काय ठेवलंय?" माझ्याच्यानं जाववत नसे. सकाळी लॅपटॉप उघडायचा, अंधार पडला की मिटायचा. दिवसभर कुणाशी बोलायची वेळच यायची नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाईकडं मेथीची जुडी मागताना आवाज घोगरा निघायचा, तेव्हा लक्षात यायचं की आज आपण पहिल्यांदाच तोंड उघडतोय.

प्रोग्रॅम सगळा एकाच फाईलमध्ये होता. कितीही खाली जा, संपायचा नाही. लहान, मधली आणि मोठी अशा तीन टाक्यांसाठी तोच मजकूर तीनदा उतरवलेला, आणि तिन्हींत बारीक बारीक फरक. ते फरक मुद्दाम केलेत की चुकून राहिलेत, काही कळायला मार्ग नव्हता. मध्येच एखाद्या ओळीशेजारी लिहिलेलं असायचं, 'याला हात लावू नये'. का, ते लिहिलेलं नसायचं.

हे लिहिलंय कुणी, म्हणून मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, लिहिणारे सर रिटायर होऊन दौंडला राहतात. "पण त्यांना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेलीय, बोलता येत नाही. मी एकदा भेटून आलो. परत जाववलं नाही मला."

मी गेले. एका शनिवारी गाडी काढली आणि निमोण्याच्या बाजूनं, उसातल्या रस्त्यांनी, भीमा ओलांडून दौंडला पोचले. रेल्वे लाईनच्या पलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. काकूंनी दार उघडलं. कंपनीतून आले म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या मागं पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "व्हय."

"सर, मी तुमचा दुधाच्या कूलरचा प्रोग्रॅम बघतेय."

"व्हय."

"त्यातल्या एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या. चालेल का?"

"व्हय, व्हय."

मला बरं वाटलं. मग काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तेवढा एकच शब्द राहिलाय त्यांच्याकडं. हो असलं तरी व्हय, नाही असलं तरी व्हय. सगळं आयुष्य पुण्यात शुद्ध बोलण्यात गेलं, आन् उरला तो आमच्या गावाकडचा शब्द."

सर हसले. डाव्या बाजूनंच हसले.

पहिल्या दिवशी हाती काहीच लागलं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावरची अक्षरं त्यांना झेपत नव्हती. म्हणून पुढच्या वेळी मी मोठ्या अक्षरांत पानं छापून नेली. ती त्यांच्या मांडीवर ठेवली. ते डाव्या हाताचं बोट ओळीखालून हळूहळू फिरवू लागले. मराठी पेपर आता त्यांना वाचता येत नाही, काकू सांगत होत्या. पण ही पानं ते वाचत होते. किती कळत होतं मला माहीत नाही, पण एका पानावर बोट थांबलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरले. काकू आल्या, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "काही नाही, होतं असं. तू वाच पुढं."

त्या दिवसापासून मी दर शनिवारी जायला लागले.

मला अडलेलं एक ठिकाण असं होतं. टाकीत नवं दूध ओतलं की तापमान एकदम बदलतं, आणि नेमकं तेव्हाच प्रोग्रॅम आकड्याकडं दुर्लक्ष करायचा. आधी ढवळायची मोटर लावायचा, बराच वेळ फिरवायचा आणि मगच आकडा खरा मानायचा. मला ते वाया घालवलेला वेळ वाटत होतं. मी म्हटलं, "सर, हे काढू का?"

"व्हय."

"की ठेवू?"

"व्हय!" या खेपेला जोरात. मला काय समजायचं ते समजेना. सर चिडले होते, माझ्यावर की स्वतःच्या जिभेवर, कुणास ठाऊक. त्यांनी समोरच्या चहाच्या कपात डाव्या हाताचं बोट घातलं आणि गोल गोल फिरवलं.

"साखर पाहिजे का?" काकूंनी विचारलं. त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. पुन्हा बोट फिरवलं, मग तेच ओलं बोट पानावरच्या ओळीवर टेकवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धारेचं कोमट दूध वर तरंगत राहतं, थंड दूध तळाशी असतं आणि तापमान मोजणारा सेन्सरही तळाशी असतो. ढवळल्याशिवाय तो जे सांगेल ते खोटंच. मी म्हटलं, "ठेवते, सर." ते खुर्चीत मागं टेकले. कागदावर चहाचा डाग पडला होता.

असं आमचं चाललं होतं. मी विचारायची, ते खुणा करायचे, काकू अंदाज बांधायच्या. काकूंचे बरेचसे अंदाज चुकायचे, पण त्यांनाही त्यात गोडी लागली होती. जेवायच्या वेळेला मी निघायला लागले की त्या म्हणायच्या, "बस गं. तू येतेस तेवढंच माणूस येतं या घरात." मी त्यांना सांगितलं नाही, की माझ्या घरात तेवढंही येत नाही. गरम भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन निघायची. परतताना उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकले तरी मला घाई नसायची.

तीन टाक्यांसाठी तीनदा उतरवलेल्या त्या भागांना मात्र मी हात लावत नव्हते. पुढं तेच काम शिल्लक राहिलं. मी तिन्ही पानं त्यांच्यासमोर शेजारी शेजारी मांडली आणि फरकांच्या जागा पेननं गोल करून दाखवल्या. सरांनी खूप वेळ पाहिलं. मग डावा तळहात पहिल्या पानावर टेकवला, आणि नंतर त्याच हातानं उरलेली दोन पानं ढकलून जमिनीवर पाडली. मी ती उचलून परत ठेवली. त्यांनी परत पाडली.

"ही दोन नकोत? एकातच सगळं करू?"

"व्हय." इतक्या मऊ आवाजात, की शंकेला जागा राहिली नाही.

काकू खाली पडलेल्या पानांकडं बघत म्हणाल्या, "रिटायर झाले तेव्हा म्हणत होते, घाईघाईत एक काम वाईट करून ठेवलंय, ते नीट करायचं राहून गेलं. हेच का ते?"

सर आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघून हसत होते. त्या दिवशी मी रस्ताभर आनंदात होते. शिरूरला पोचल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं. भावाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. नंतर त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, काही विशेष नाही.

काम संपत आलं होतं तेव्हा काकूंनी सांगितलं, की मुलगी दोघांना बंगळूरला न्यायला येतेय. तिथं चांगलं हॉस्पिटल आहे, बोलायला शिकवणारे आहेत. "आता मला एकटीला उचलायला होत नाही गं त्यांना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरंच झालं, काकू. खरंच बरं होतं ते. निघताना सरांनी डाव्या हातानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर गाडी सुरू करताना मला किल्ली लावायची जागाच सापडेना.

नवा डबा पहिल्यांदा निमोण्याच्या केंद्रावर बसवला. सकाळच्या धारांचं दूध येत होतं, कॅन आपटत होते. मी टाकीशेजारी उभी राहून आकडे बघत होते. दूध ओतलं, मोटर फिरली, आकडा थांबून राहिला, मग हळूहळू उतरू लागला. अगदी जुन्यासारखा. केंद्रावरचे आप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"ताई, नवा हाय व्हय ह्यो?"

"हो, आप्पा. आतलं सगळं नवीन आहे."

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "पर ह्यो तर तसाच चालतोय."

"तसाच चालायला पाहिजे."

"म्हंजी आमाला काय फरक न्हाई?"

"नाही."

"मंग बरं हाय," म्हणून ते पुढच्या कॅनकडं गेले.

पुढं बाकीच्या केंद्रांवरही डबे बसले. साहेबांनी फोन केला, "एक तक्रार नाही, मॅडम. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही." आमच्या कामात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. काकूंना मेसेज टाकला, डबे सगळीकडं नीट चालतायत म्हणून. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचं उत्तर आलं, बाबांना वाचून दाखवला, छान वाटलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी सवयीनं आवरलं, गाडी काढली. निमोणं मागं पडल्यावर भानावर आले. दौंडला कुणाकडं जायचं होतं? पण परत फिरायचंही जिवावर आलं. तशीच इनामगावपर्यंत गेले आणि घोड नदीच्या काठाला गाडी लावली. पाणी बरंच खाली गेलं होतं. एक बाई गोधड्या धूत होती. मला एकटीला बसलेली बघून तिनं हात थांबवले.

"कुणाच्यात आलाय, ताई?"

"कुणाच्यात नाही, मावशी. आपली अशीच."

"आसं व्हय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पिळायला जड झाली म्हणून तिनं गोधडीचं एक टोक माझ्याकडं केलं. मी उठले आणि धरलं. तिनं एका बाजूला पीळ दिला, मी दुसऱ्या बाजूला. थंडगार पाणी कोपरापर्यंत आलं. सगळ्या गोधड्या होईपर्यंत आम्ही दोघी पिळत राहिलो.