डावीकडे झोंबत नाही

“वर नका पाहायला लावू, मॅडम. वर पाहिलं की मले गरगरते,” मंदाताई म्हणाल्या.

मी त्यांना फक्त छताकडे बघा म्हटलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक पेशंटला हेच सांगते. मी भूल देणारी डॉक्टर. पेशंटला बेशुद्ध केल्यावर श्वासासाठी घशात नळी घालावी लागते आणि ती घालताना मान मागे न्यावी लागते. म्हणून मान किती मागे जाते, तोंड किती उघडतं, दात हलतात का, हे आधी बघून ठेवायचं. या तपासणीला आम्ही पीएसी म्हणतो. सर्जन लोकांच्या दृष्टीने पीएसी म्हणजे माझी एक सही.

“बघा तरी. मी धरून आहे तुम्हाला.”

त्यांनी मान मागे टाकली आणि लगेच टेबलाची कड घट्ट पकडली. चेहऱ्याचा रंग उतरला. मग उचकी सुरू झाली. मान सरळ केली तरी ती बराच वेळ थांबेना.

“हे असंच होते,” दारात उभा असलेला नवरा म्हणाला. “गुडाखू घासून घासून डोकं फिरलं आहे तिचं.”

मंदाताई रायपूरच्या पंडरी बाजारातल्या साड्यांच्या दुकानात काम करायच्या. नवरा मिलिंदभाऊ रेल्वेत. दोघंही भंडाऱ्याकडचे. माझे वडीलही तिकडूनच रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले होते, त्यामुळे आमची बोली लगेच जुळली. वर्षभरापासून मंदाताईंचा आवाज बसला होता. पाणी पिताना ठसका लागायचा, जीभ जड झाली होती. आमच्या हॉस्पिटलमधले कान-नाक-घशाचे सर्जन दुबे सर यांनी दुर्बिणीतून घसा बघितला, तर डावा स्वरतंतू हलतच नव्हता. शिवाय डाव्या गालाच्या आत एक जखम होती, भरत नसलेली.

आणि वर गुडाखू. छत्तीसगडबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ही तंबाखू आणि गुळाची काळी, ओलसर पेस्ट. डबीत मिळते. बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची. आधी झणझणून झोंबते, मग डोकं हलकं होतं, नवख्याला तर चक्करच येते. इकडे कितीतरी बायकांचा दिवस गुडाखूशिवाय उजाडत नाही. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात.

तेव्हा सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता. चक्कर येते, गुडाखू. जीभ जड झाली, गुडाखू. आवाज गेला, गुडाखू. मिलिंदभाऊंनी डब्या नालीत फेकून झाल्या होत्या, नातेवाइकांनी बोल लावून झाले होते. मानेच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, तर दुबे सर म्हणाले की आत कुठेतरी लपली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण भूल देऊन, मान मागे वाकवून, घशाच्या खोल भागातून तुकडा काढायचा आणि कॅन्सरच्या तपासणीला पाठवायचा, असं ठरलं होतं. माझं काम भूल द्यायचं.

गुडाखूचं मी प्रत्येकाला वेगळं विचारते. ‘सकाळपासून काही खायचं-प्यायचं नाही’ म्हटलं की आमचे पेशंट ‘हव’ म्हणतात आणि सकाळी गुडाखू घासून हजर होतात. त्यांच्या लेखी ते खाणंही नाही आणि पिणंही नाही.

“मिलिंदभाऊ, तुम्ही बाहेर बसा जरा,” मी म्हटलं. ते गेल्यावर मंदाताईंकडे वळले. “खरं सांगा, अजून घासता?”

“घासते. पण आता उजवीकडंच.”

“काहून?”

“डावीकडं मजा नाही येत. झोंबतच नाही.”

“कधीपासून?”

“मागच्या भीमजयंतीच्या आधीपासून. हे म्हणतात, हिरड्या मेल्या तुह्या.”

मी सहीसाठी काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं. बाई इतकी वर्षं दोन्हीकडे घासत होती. हिरड्या मरायच्याच होत्या तर दोन्हीकडच्या मेल्या असत्या. तंबाखूला डावं-उजवं कळत नाही.

“जीभ बाहेर काढा.”

जीभ डावीकडे वळली. टॉर्च मारला तर डावा अर्धा भाग बारीक, सुरकुतलेला, आणि उकळी येण्याआधी दुधाची साय थरथरते तसा आतून थरथरत होता. जिभेच्या नसेचा पुरवठा कमी झाला की असं होतं. कापसाची वात दोन्ही गालांना लावली. दोन्हीकडे कळलं. मग सुई टोचली. उजवीकडे त्यांनी तोंड वाकडं केलं. डावीकडे म्हणाल्या, “बोट लावलं ना?” बर्फाच्या पाण्यात बुडवलेला चमचा लावला. उजवीकडे गार, डावीकडे नुसता चमचा. कानाजवळ काहीच कळत नव्हतं, नाकाकडे सरकत गेलं तसं थोडं थोडं कळायला लागलं. कांद्याचे पापुद्रे बाहेरून आत जातात, तशी ही बधिरता चालली होती.

“हात दाखवा.”

डाव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते, जुने आणि ताजेही.

“हे काय?”

“तव्याचे. चटका बसलेला समजतच नाही मले. वास आला का समजते.”

हे त्या अगदी सहज बोलल्या. पुढचं मी भराभरा विचारत गेले. खोकल्यावर डोकं दुखतं का? मागून घण घातल्यासारखं दुखतं. दुकानात वरच्या फळीवरची साडी काढताना? दोनदा पडता पडता वाचले, म्हणून आता खालच्या गठ्ठ्यांवरच बसते. चहा कसा पिता? गरमच, गिऱ्हाईक थांबत नाही, आणि डाव्या गालात धरला की चटका लागत नाही. म्हणजे गालातली जखमही त्या चहाची असू शकत होती. शेवटी माझ्या बोटाकडे नजर धरून डावीकडे बघायला सांगितलं. बुबुळं जागेवर ठरेनात.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. चेहरा, जीभ, स्वरतंतू, गिळणं, उचकी, डोळ्यांचा तोल. या सगळ्यांच्या नसा एका ठिकाणाहून निघतात. मेंदू खाली मणक्यात उतरतो तिथे त्याचा अंगठ्याएवढा देठ असतो, त्याला ब्रेनस्टेम म्हणतात. श्वास घ्यायचा हुकूमही तिथूनच सुटतो. स्पर्श कळतो पण टोचणं आणि भाजणं कळत नाही, असं झालं की आतून पोखरलं जात असल्याचा संशय घ्यायचा, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी ते फक्त पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात असा पेशंट मी तोवर बघितला नव्हता. पण ओळखायला मला अडचण पडली नाही, आणि ते मी आजही छाती पुढे काढून सांगते.

दुबे सर त्यांच्या केबिनमध्ये होते.

“मॅडम, सुबह का पहला केस है. फिटनेस दे दीजिए.”

“नाही देत.”

“बीपी?”

“उत्तम.”

“शुगर?”

“माझ्यापेक्षा चांगली.”

“तो फिर?”

“ब्रेनस्टेमचा एमआरआय पाहिजे. त्याशिवाय मी भूल देणार नाही.”

ते हसले. “आप न्यूरोलॉजिस्ट कब से हो गईं?”

“दुपारपासून.”

हसणं थांबलं. “कैंसर निकला और आपकी वजह से देर हुई, तो जवाब कौन देगा?”

हा प्रश्न खोटा नव्हता. कॅन्सरमध्ये उशीर करणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळणं, आणि दुबे सर काही उतावळे सर्जन नव्हेत. माझी चूक निघाली असती तर त्या बाईचं नुकसान माझ्या हट्टापायी झालं असतं. मला भीती वाटली. तरी मी म्हटलं, “जवाब मी देईन. पण उद्या तुम्ही तिची मान मागे टाकली आणि तिचा श्वासच थांबला, तर कोण देईल? आज नुसतं छताकडे बघितलं तर उचकी लागली तिला.”

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग उठले. “चलिए, दिखाइए.”

मी बर्फाचं पाणी मागवलं आणि चमचा त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः तपासलं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. मंदाताईंची बोटं हातात धरून बराच वेळ बघितली. बाहेर आल्यावर म्हणाले, “मुझे तो बस गुडाखू दिखी.” आणि एमआरआयवाल्यांना फोन त्यांनीच लावला. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते. कित्येक सर्जन त्या खुर्चीतून उठले नसते.

एमआरआयचे फोटो स्क्रीनवर आले. लहान मेंदूचा खालचा शेंडा कवटीच्या भोकातून मानेत उतरून तिथे बुचासारखा बसला होता. मेंदू आणि मणक्याभोवती सतत पाणी फिरत असतं. त्याची वाट तुंबली की ते आतच जागा करतं. मणक्यातल्या मज्जारज्जूत त्याने लांब पोकळी केली होती आणि तिचं डावीकडचं टोक थेट ब्रेनस्टेममध्ये घुसलं होतं. ब्रेनस्टेममधल्या अशा पाण्याच्या पोकळीला सिरिंगोबल्बिया म्हणतात. अत्यंत विरळा आजार. गाठ कुठेच नव्हती.

मिलिंदभाऊंना मी समजावून सांगितलं. त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“म्हणजे कॅन्सर नाही?”

“नाही. पण ऑपरेशन करावं लागेल, आणि ते मोठं आहे. नाही केलं तर उद्या गिळणं जाईल, मग श्वास.”

मंदाताई खाटेवर सरळ बसल्या. बसक्या आवाजात म्हणाल्या, “मॅडम, हे ह्याईच्या तोंडावर सांगा, हे गुडाखूनं झालं नाही. वर्षभर ऐकून राहिली मी. घरी कोणी पाहुणा आला का त्याच्यापुढं माझीच गोष्ट. मले मरायचं भेव नव्हतं एवढं, पण मेली तरी लोक म्हणतील का हिनंच करून घेतलं.”

“सांगते. पण आत्ता नाही. ऑपरेशन झाल्यावर तुम्ही तुमच्या आवाजात विचारा, मग सांगते.”

हे मी का बोलले, मलाच माहीत नाही. पेशंटला शब्द द्यायचा नसतो. मी तर आवाजाचाच दिला.

न्यूरोसर्जनने ऑपरेशन घेतलं आणि भूल द्यायला मीच पाहिजे म्हणून सांगितलं. मीही दुसऱ्या कोणाला देऊ दिली नसती. मान अजिबात न हलवता, बारीक दुर्बिणीच्या मदतीने नळी आत घातली. मग तिला पालथं करायचं होतं. सगळ्यांना जागा नेमून दिल्या आणि डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून वळवलं. न्यूरोसर्जनने कवटीच्या मागचं थोडं हाड काढून त्या शेंड्याला जागा मोकळी करून दिली. पाण्याची वाट उघडली. त्यांचं काम झालं आणि मग माझं सुरू झालं.

मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं. आता तो तिने स्वतः घ्यायचा होता, आणि ज्या देठातून तो हुकूम सुटतो त्याच देठाशी आम्ही नुकतीच ढवळाढवळ केली होती. मी मशीनला जोडलेल्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या रबरी पिशवीवर हात ठेवून उभी राहिले. पिशवी हलत नव्हती. न्यूरोसर्जन मास्क काढायचं विसरून गेले होते. मग पिशवी किंचित ओढली गेली. पुन्हा ओढली गेली. मी श्वास मोजायला लागले. ठसका नीट येतो, गिळता येतं, याची खात्री होईपर्यंत मी नळी काढली नाही आणि तिच्याजवळून हललेही नाही.

काही महिन्यांनी मंदाताई आणि मिलिंदभाऊ माझ्या पीएसीच्या खोलीत आले. ठसका गेला होता. नवीन एमआरआयमध्ये पोकळी आकसली होती. जीभ बारीकच राहिली आणि डावा गाल अजून गार-गरम ओळखत नाही. जे मेलं ते परत येत नाही, हे आम्ही आधीच सांगितलं होतं. चहा आता त्या मिलिंदभाऊंच्या हातून घेतात. ते आधी एक घोट पितात, मग देतात.

“मॅडम,” मंदाताई म्हणाल्या. आवाज जरा खरखरीत होता, पण खणखणीत होता. व्हरांड्यातल्या लोकांनाही ऐकू गेला. “आता सांगा.”

मी मिलिंदभाऊंकडे वळले. “भाऊ, हे गुडाखूने झालं नव्हतं. त्यात हिची काही चूक नव्हती.”

त्यांनी मान खाली घातली. “मग मी उगाचच डब्या फेकल्या?”

“डब्या फेकल्या ते बरोबर. वर्षभर बोल लावले ते चूक.” मग मी मंदाताईंपुढे हात पसरला. “आणि तुम्ही. हे गुडाखूने नाही झालं म्हणून पुढे कॅन्सर होणार नाही असं नाही. द्या इकडे.”

त्या हसल्या, पर्समधून डबी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मग मी न सांगताच खुर्चीत मागे रेलल्या आणि छताकडे बघत राहिल्या. मिलिंदभाऊ धरायला पुढे झाले. मंदाताईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

“पंख्यावर धूळ हाय, मॅडम,” त्या म्हणाल्या. “कधी पुसून राहिले नाहीत का?”

तेव्हापासून माझी पीएसी जरा लांबते. गुडाखू घासता का, एवढं विचारून मी थांबत नाही. कोणत्या बाजूला, हेही विचारते. सर्जन बाहेर घड्याळ बघत असतात. बघू देत.