पनवतीच्या चपला

शनिवारी घरातून कोणी तेलाची वाटी घेऊन निघालं की मला राग येतो. देवाचा नाही. देव दगडाचा आहे, तो कोणाच्या घरी येऊन काही सांगत नाही. सांगणारी माणसं असतात.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात आमचा एक बैल साप चावून मेला. त्याआधी तुरीवर अळी पडली होती, आणि त्याच्याही आधी विहिरीची एक बाजू ढासळली होती. सगळं एका वर्षात झालं म्हणून बाबा जोश्याकडे गेले. जोश्याने घरातल्या सगळ्यांच्या राशी पाहिल्या आणि नेमकी मला शोधून काढली. साडेसाती माझी. पाय माझे पांढरे. त्या सापाची रास कोणी पाहिली नाही.

आमचं गाव हिंगणघाटाकडचं. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा दीड कोसावर, नदीकाठच्या गावात. आमचे मास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले होते की पोरगी हुशार आहे, पाठवा. बाबा त्यांच्यासमोर हो म्हणाले. मास्तर गेल्यावर म्हणाले, "वाट सगळी बाभळीच्या काट्याची. पोरगी अनवाणी कशी जाईन? पुढल्या साली चपला घेऊ, मंग पाहू." आमच्या घरात बाईमाणसाला चपला नव्हत्या. मायने मरेपर्यंत घातल्या नाहीत. त्यामुळे मला हे कारण खरं वाटलं. काटा कसा रुततो ते मला ठाऊक होतंच.

आता जोश्याचा उपाय ऐका. वैशाखातल्या अमावस्येला, शनीच्या जयंतीला, पोरीने देवळात जायचं, तेल न्यायचं, आणि पायातल्या चपला तिथेच सोडून अनवाणी परत यायचं. पनवती चपलेबरोबर तिथेच राहते. माय म्हणाली, "महाराज, तिच्या पायात चपलाच नाई तं सोडन काय?"

जोश्याने पंचांग पुन्हा उघडलं. मग म्हणाला, "करून घ्या. पन कोऱ्या नेऊ नका. सात दिवस पायात पायजे. पनवती त्यात उतरली पायजे."

माझ्या पायांसाठी बाबांनी चपला करून घेतल्या त्या अशा. शाळेसाठी पुढल्या सालाशिवाय मिळणार नव्हत्या, शनीसाठी चार दिवसांत आल्या. चांभाराने अंगणात कागद ठेवून माझ्या पायाचं माप घेतलं. जाड तळ, अंगठ्याला गोल पट्टी, पट्टीवर लाल दोऱ्याची टीप. डाव्या चपलेची टीप एका जागी चुकली होती, तिथे त्याने दोन टाके जास्तीचे घातले होते.

सात दिवस मी त्या घालून फिरले. विहिरीवर गेले, वावरात गेले, काम नसताना गेले. काट्यावर मुद्दाम पाय दिला आणि काटा मोडलेला पाहिला. तिसऱ्या दिवशी धूळ बसली म्हणून ओल्या फडक्याने पुसायला बसले, तर माय धावत आली.

"काय करून राह्यली वं? पनवती पुसून टाकतं का?"

"माय, धूळ पुसतो."

"राहू दे धूळ. जशी हाये तशी नेऊ."

मी विचारलं, देवळात सोडल्यावर शाळेसाठी दुसऱ्या करून देतील का बाबा? माय म्हणाली, आधी पिडा जाऊ दे.

अमावस्येला आम्ही बंडीने निघालो. मी मागे बसले होते, पाय खाली सोडून, चपला दिसाव्यात म्हणून. त्याच वाटेवर पुढची शाळा लागली. कौलारू, चार खोल्या, सुट्टी असल्यामुळे कुलूप. ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. देऊळ तिच्यापुढे, नदीच्या उतारावर.

देऊळ म्हणजे एक चौथरा, त्यावर काळा दगड. तेलाने चौथरा इतका माखलेला की माश्या चिकटून मेलेल्या. पुजाऱ्याने मला बाजूला उभं केलं. बाईमाणसाने पायरी चढायची नाही, देवाच्या नजरेसमोर यायचं नाही. माझी साडेसाती, माझं तेल, आणि मला देव दिसला तो बाबांच्या खांद्याआडून अर्धा. बाबांनी तेल दिलं, उडीद दिले, लोखंडाचा खिळा दिला. मग पुजाऱ्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे जोड्यांचा, चपलांचा ढीग होता. बहुतेक फाटक्या, टाच गेलेल्या. लोक शहाणे होते, त्यांनी जुनी पायताणं आणली होती. त्या ढिगात कोऱ्यासारख्या फक्त माझ्या. मी त्या काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या तर पुजारी म्हणाला, "फेक, फेक. अन मागं पाहू नको."

परत येताना मी बंडीत बसायचं नव्हतं. गावची शीव येईपर्यंत चालायचं, असं जोश्याने सांगितलं होतं. वैशाखाची दुपार. काळी माती तव्यासारखी तापलेली, भेगा पडलेली. बाबा बंडीत डोक्यावर उपरणं घेऊन बसले होते आणि मी चाकाच्या मागे. काटे होतेच. एक टाचेत मोडला. थांबले तर बाबा म्हणाले, "थांबू नको, घरी काढू."

शीव आली तेव्हा त्यांनी मला बंडीत घेतलं. मी म्हणाले, "बाबा, आली ना मी अनवाणी? याच वाटेनं आली. मंग शाळेत बी जातो."

"देवाचं येगळं असते," ते म्हणाले, आणि बैलांना हाकललं.

शाळा उघडली तेव्हा पाऊस लागला होता आणि निंदणीचे दिवस होते. आमच्या वावरात निंदायला एक बाई यायची. आदल्या दसऱ्याला तिच्या घरचे सगळे नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते. घरातले देव त्यांनी नदीत सोडून दिले होते. तिची पोरगी माझ्याबरोबर चौथी पास झालेली. गणितात माझ्यापेक्षा बरी. एका सकाळी मी विहिरीवर होते आणि ती पिशवी घेऊन वाटेने निघाली होती. चिखल होता, म्हणून चपला तिने हातात धरल्या होत्या. लाल टीप, डावीकडे दोन टाके जास्तीचे.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी ओरडले, "चोट्टे! माह्या चपला हायेत त्या!"

ती थांबली. "तुह्या कशा? तू तं फेकल्या. मायनं ढिगातून आणल्या."

"शनीच्या हायेत!"

"मंग शनी येऊन मागन," ती म्हणाली. विहिरीवरच्या दोन बाया हसल्या. ती गेली.

मी घागर तिथेच टाकून घरी गेले आणि बाबांना सांगितलं. तोंड मिटून राहिले असते तर बरं झालं असतं. चपलेसाठी मी सांगितलं, आणि बाबांनी ऐकलं ते वेगळंच. पनवती गावात परत आली, एवढंच त्यांनी ऐकलं. तसेच उठून वावरात गेले. मी मागोमाग. बाया ओळीने निंदत होत्या.

"काय वं, देवळातल्या चपला तू आणल्या?"

बाईने विळा खाली ठेवला. "आणल्या पाटील. पोरीचं दीड कोस चालनं हाये."

"आजच्या आज नेऊन टाक. मोठ्या मुश्किलीनं घरची पिडा बाहेर काढली, अन तू गावात घेऊन आली?"

"आमच्या घरी तं काई पिडा झाली नाई. पोरगी रोज शाळेत जाते."

"तुमी देव सोडले, आमी नाई सोडले."

बाई उठून उभी राहिली. ओल्या लुगड्याला हात पुसले. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बरं पाटील. चपल्यापायी तुमची पोरगी घरी राह्यली म्हणता ना? अख्खं गाव आयकते. चपला मी तुमच्या हाती देतो. माही पोरगी जाईन अनवाणी. तुमी उद्यापासून हिले शाळेत धाडा."

सगळ्या बायांचे हात थांबले. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. एक शब्द, हो एवढाच, निघाला असता तर मी त्या शनीच्या चौथऱ्यावर रोज तेल ओतलं असतं. बाबा वावराच्या बांधावरच्या पळसाकडे पाहत म्हणाले, "उद्यापासून कामाले येजो नको." आणि घरी निघाले.

तेव्हा मला कळलं की चपला कधी कारण नव्हत्याच. काटे, पाऊस, जोशी, काहीच नाही. पोरीला शिकवायचं नव्हतं आणि तसं तोंडाने म्हणायला लाज वाटत होती, एवढंच. तोंडाने म्हणाले असते तर मी एक दिवस रडून मोकळी झाले असते. आणि मी? मी सकाळी त्या पोरीला चोट्टी म्हणाले होते. बाबांना मी काहीच म्हणाले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

जेवायला बसले तेव्हा बाबा मायला म्हणाले, "एक बाई कमी झाली. हिले धाडजो निंदायले."

दुसऱ्या दिवसापासून मी त्या बाईच्या ओळीत बसले, तिचाच विळा उरला होता तो घेऊन. वावरात काटे भरपूर होते. चपला पाहिजेत असं कोणी म्हणालं नाही. शाळेची वाट वावराच्या कडेनेच जायची. ती पोरगी सकाळी त्या वाटेने जायची, आणि ती दिसली की मी मान खाली घालून निंदायची.