गांडुळांना जामीन राहिलेली ताई

आमची ताई नाकावर माशी बसू देत नाही; हातावर गांडूळ मात्र खुशाल बसवून घेते. बावीस वर्षं ती मुलांच्या दवाखान्याची बाग सांभाळते आहे. मी तिथेच स्वयंपाकघरात असते, तेव्हा सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं.

हवा दमट झाली की लॉनवर मातीच्या चिकट गोळ्यांचे बारके ढीग उठतात. गांडुळं खालची माती खाऊन वर टाकतात. ताई ते ढीग उन्हात वाळू देते आणि मग खराट्याने हलकेच पसरते. गवताला फुकटचं खत!

नव्या साहेबांना ते ढीग खिडकीतून खुपले. दहा-बारा दिवसांनी नव्या वॉर्डाच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते. ताई रजेवर होती. साहेबांनी उंटावरून शेळ्या हाकल्या आणि भल्या सकाळी, ओल्यावरच, रोलर फिरवून घेतला. ढीग चेपून चिखलाचे चट्टे झाले, खालचं गवत गुदमरलं. आणि दोष कुणाचा? गांडुळांचा! साहेबांनी विषारी पावडरीचा डबा मागवला.

"उद्या हे औषध मारून टाका," ते रजेवरून परतलेल्या ताईला म्हणाले.

"नाही मारणार. इथे आजारी पोरं अनवाणी चालतात. आणि साहेब, रोलर काही गांडुळांनी नाही फिरवला."

"मग तसं लिहून द्या. लॉन सुधारलं नाही, तर नोकरी गेली समजा."

आमचं घर दोघींच्या पगारावर चालतं. ताईची शाळा चौथीत सुटलेली. माझ्या ओट्याशी उभं राहून तिने वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'औषध मारणार नाही. लॉन मी नीट करीन. नाही झालं तर मला काढा.' खाली सही.

आठ दिवस तिने चट्टे उकरले, कोरडी वाळू पसरली, गवत जरा उंच राखलं, ऊन चढल्यावर खराटा फिरवला. दोन कोपरे उघडेच राहिले, खोटं कशाला बोलू? पण पाहुण्यांसमोर महिनाभर खाटेवर असलेली एक चिमुरडी अनवाणी उतरली आणि त्या गवतावरून पार पलीकडच्या बाकापर्यंत चालत गेली. माझा ऊर भरून आला. ताई माझी बहीण आहे!

संध्याकाळी साहेब कागद घेऊन आले. "बाई, चूक माझी होती. हा फाडून टाका."

"राहू द्या फायलीत," ताई म्हणाली. "पुढच्या साहेबांना उपयोगी पडेल."