चौकातला फळा

आमच्या पेठेच्या चौकात एक काळा फळा आहे. त्यावर कुणीही लिहावं, पण दुसऱ्याचं पुसू नये, एवढाच नियम. गर्दीच्या वेळी पेठेत गाडी आणायची तर पैसे भरावे लागणार, अशी बातमी आली आणि फळा भरून गेला.

‘आमच्याच दारात यायला आम्ही पैसे का मोजायचे?’ हे भांडीवाल्या तात्यांचं. त्या ओळीखाली, समोरच्या माडीवर राहणाऱ्या, दम्याने बेजार जोशीबाईंचं: ‘घ्या पैसे. निदान खिडकी तरी उघडता येईल.’

काल संध्याकाळी रस्ता तुंबला. स्कूटर फुटपाथवर चढल्या, माणसं फळ्याला घासून जाऊ लागली आणि बाईंची ओळ निम्मी पुसली गेली. तात्या खडू घेऊन दुकानातून उतरले. आता हे स्वतःचंच ठळक करणार, असं मला वाटलं. पण ते वाकून बाईंची अक्षरं गिरवू लागले.

“तात्या, हे तुमच्या विरोधातलं आहे,” मी म्हटलं.

“वाचता येतं मला. पण हे दिसलंच नाही, तर माझं म्हणणं कुणाला?”

रस्ते रुंद असलेली शहरं मी पाहिली आहेत. तिथल्या लोकांनी खुशाल मिरवावं. माझी मान मात्र या अरुंद, धुराने कोंदलेल्या चौकात ताठ झाली.

इतक्यात वरची खिडकी धाडकन उघडली. बाई खोकत खोकत ओरडल्या, “तात्या, ‘निदान’ राहिलं!”