दारातून हाक

थोरली पंधराची, पण चालायची पन्नाशीतल्या बाईसारखी. घरात शिरताना आधी चपला वाजवायच्या, मग खाकरायचं, मग "मी आलेय" म्हणायचं, तेव्हा कुठे आत पाऊल. बाप लष्करात ट्रक चालवायचा. शेवटच्या वेळी सीमेवरून हातीपायी धड परतला, तेव्हा क्वार्टर्समधल्या बायका तिच्या आईला म्हणाल्या, नशीब काढलंस हो. नशीब कसलं, डोंबलाचं! माणूस आला, झोप तिकडेच राहिली.

कुकरच्या शिट्टीने तो दचकायचा, म्हणून आई सगळं उघड्या पातेल्यात शिजवू लागली. एकदा दुपारी तिने त्याला खांदा हलवून उठवलं, तर झोपेतच त्याने तिचा हात पिरगळला. मनगट कितीतरी दिवस सुजलेलं होतं. तेव्हापासून उठवायचं काम थोरलीच्या गळ्यात पडलं. अंगाला हात लावायचा नाही, दारातच उभं राहून म्हणायचं, "बाबा, मी थोरली. तुम्ही घरी आहात." शाळेच्या आधी एकदा, शाळेतून आल्यावर परत एकदा. पोरीला अगदी नको नको झालं होतं.

डॉक्टरचं नाव काढलं की बाप उसळायचा. एकदा का कागदावर डोकं बिघडल्याचा शेरा पडला की गाडी काढून घेतील, मग काय गेटवर बसून माशा मारू? त्याने एकदा डॉक्टरकडे जावं, एवढंच थोरलीला हवं होतं. ते ओठांवर यायचं आणि ती गिळून टाकायची.

एका संध्याकाळी ती भूमितीच्या पुस्तकावर डोकं टेकून झोपून गेली. बापाला माया आली. त्याने चादर आणली आणि मागून हळूच तिच्या खांद्यावर घातली. पोर ताडकन उठली, कोपर थेट त्याच्या तोंडावर. भानावर आली तेव्हा ती भिंतीला पाठ लावून, मुठी आवळून उभी होती.

बापाचा ओठ फुटला होता, पण त्याने रक्त पुसलंही नाही. तसं उभं राहणं त्याला चांगलंच माहीत होतं.

"हे कुठे शिकलीस?"

"घरातच," ती म्हणाली. "बाबा, मी दमलेय हो."

तो मागे मागे सरकत दारापर्यंत गेला आणि तिथूनच, जपून म्हणाला, "थोरले, मी बाबा. तू घरी आहेस."

मग तो उंबऱ्यातच बसला आणि आईला हाक मारून त्याने विचारलं, दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो.