काकांचा अमेरिकन वकील

अमेरिकेच्या राजकारणाची बित्तंबातमी आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगइतकी कुठेच पोचत नसेल, फक्त ती दीडशे वर्षं उशिरा पोचायची. आणायचे आमच्या मजल्यावरचे काका. अंधेरीच्या कोर्टात कारकुनी करून ते निवृत्त झाले आणि रद्दीवाल्याकडे त्यांना एका जुन्या अमेरिकन वकिलाचं जाडजूड चरित्र सापडलं. डिक्शनरी शेजारी ठेवून रोज चार पानं वाचायचे, पण वाचलेलं पोटात राहील तर शपथ. तोंडात ब्रश तसाच ठेवून आमचं दार वाजवायचे. "आपल्या वकिलाने प्रॅक्टिस सोडली रे, लढाईवर निघालाय." तिकडच्या यादवी युद्धात त्याला गोळी लागली, ती बातमी काकांनी लिफ्टचं दार धरून सांगितली. खालची माणसं बटण दाबून वैतागली, पण लिफ्टमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई "खांद्याला की छातीला?" हे कळल्याशिवाय हलायला तयार नव्हत्या. खांद्याला होती. पुढे तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा तर अख्खी बिल्डिंग पेटली. पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदाही पडला, तेव्हा माझा भाऊ चिडून म्हणाला, "काका, त्याला मतदारसंघ बदलायला सांगा ना." तिसऱ्यांदा निवडून आला आणि काकांनी घरोघर पेढे वाटले. वॉचमनने पेढा तोंडात टाकत विचारलं, "कौन पास हुआ, साब?"

मग एका सकाळी दार वाजलं नाही. दुपारी आई बघून आली, ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि डब्यात पिठलं-भात भरू लागली. आई मालवणची. "तेंचो वकील गेलो रे," म्हणाली. मला हसू आलं. तिने नुसतं बघितलं, तसा मी डबा उचलून तिच्या मागे निघालो.

काका खिडकीपाशी बसले होते, मांडीवर मिटलेलं पुस्तक. आईने कुणाच्याही घरी करावी तशी चौकशी केली. "मागे कोण कोण आसत?"

"बायको," काका म्हणाले. "शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होती."

काकू गेल्या त्या दिवशी काका कोर्टात होते, निरोप पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. काकांनी मात्र कधी विषय काढला नव्हता.

"हिच्या उशाशी कोणीच नव्हतं हो," ते म्हणाले.

आईने डबा उघडला. तिने ताट वाढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि समोरच जमिनीवर बसली. काका सावकाश जेवले. जेवण होईपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.