वर, मधे, खाली

गन आली तेव्हा आमच्या गोडाऊनमध्ये तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं. गन म्हणजे बारकोड वाचायचं हातातलं मशीन. वर मोबाईलसारखा पडदा, त्याला मूठ, आणि मुठीला पिस्तुलासारखा खटका. साडीच्या गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर लाल उजेड पाडून खटका दाबला की टुंई आवाज येतो आणि त्या गठ्ठ्याची सगळी कुंडली पडद्यावर उमटते. मालकांनी हुबळीहून मागवली होती. आणून देणारा माणूस खोकी टेबलावर ठेवून, चहा पिऊन, 'सगळं सोपं आहे' म्हणून गेला तो गेलाच. नंतर फोन केला की म्हणायचा, 'मॅडम, बुकात बघा.' बुक सगळं इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं.

हे गोडाऊन बेळगावातल्या वडगावात, साड्यांच्या एका ठोक व्यापाऱ्याचं. बाजूच्या घरांतले माग दिवसभर खडखडत असतात. मी तिथं स्टॉक सांभाळते. माझं घर मात्र निपाणीला, आईजवळ. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातनं एखादी चक्कर मारतो. पोरगी पहिलीत, ती आजीकडंच. मी आठवडाभर वडगावात खोली घेऊन राहायची आणि रविवारी निपाणी गाठायची. संध्याकाळी परत निघताना पोरगी माझी एक चप्पल लपवायची. मीही सापडत नाही असं नाटक करत घरभर फिरायची, आणि बस चुकायची वेळ आली की आई दोघींवर ओरडायची.

त्यात मालकांनी कोगनोळीजवळ हायवेला नवं गोडाऊन काढलं. कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक तिथंच माल बघेल, बेळगावपर्यंत यायची गरज नाही, असा त्यांचा हिशेब. निपाणीहून तिथं रोज जाऊन येता येतं. म्हणजे तिथं स्टॉकला मला ठेवलं तर रात्री पोरीजवळ झोपता येणार होतं. मला दुसरं काहीच नको होतं. पगार वाढवू नका म्हटलं असतं मी.

हे सगळं अण्णांना माहीत होतं. अण्णा म्हणजे आमचे सुपरवायझर. नात्यानं कुणी नव्हेत, पण निपाणीत आमच्याच गल्लीतले. ही नोकरी त्यांनीच लावली मला. दरवर्षी मी त्यांना राखी बांधायची. तेही माझ्यासारखेच वडगावात खोली करून राहायचे आणि रविवारच्या बसला पुष्कळदा माझ्यासाठी जागा धरून ठेवायचे. गन आल्या त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही मशिनं चालू करून दाखव गं तू. कोगनोळी तुझंच. मालकाला मी सांगतो."

मग काय, मी झटले. बुकात एक पान होतं, नुसत्या बारकोडांच्या चौकटींचं. त्या वरून खाली ओळीनं वाचून घेतल्या की मशीन वायफायला आपोआप जोडलं जातं म्हणे. आपोआप! एक चौकट चुकली की पुन्हा पहिल्यापासून. जोडलं गेलं तर आत जायला देईना, पासवर्ड चूक आहे म्हणे. पासवर्ड बरोबर होता. मशीनची तारीखच कुठल्या जुन्या सालावर अडकली होती. ते कळेपर्यंत माझं डोकं उठलं. तारीख बदलली आणि ते बिचारं सुतासारखं सरळ चालायला लागलं. तेव्हा मला झालेला आनंद सांगितला तर लोक हसतील.

पुढं रॅकना नावं द्यायची होती. आमच्या प्रत्येक रॅकला तीन कप्पे. प्रत्येक कप्प्याला एक नाव, त्याचा एक बारकोड, आणि तो कप्प्यावर चिकटवायचा. आधी कप्प्याचा बारकोड वाचायचा, मग त्यातल्या गठ्ठ्यांचे, म्हणजे कुठला माल कुठं आहे ते कॉम्प्युटरला कळतं. मी ए, बी, सी घालणार होते. अण्णा मागं उभे होते, ते म्हणाले, "ए-बी-सी कुणाच्या ध्यानात राहतंय? सरळ वर, मधे, खाली टाक की. आपल्या माणसांना आपली भाषा." मला ते इतकं आवडलं की विचारू नका. मशीन मराठी अक्षर घेत नव्हतं, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत तेच शब्द टाकले. रॅक एक वर, रॅक एक मधे, रॅक एक खाली.

आता ह्या भागात जन्म गेलेल्या माणसानं हे करावं? कन्नडमध्ये खाली म्हणजे रिकामं. हिंदीतही तेच. बस मोकळी असली की कंडक्टर 'खाली ऐती' म्हणूनच ओरडतो, आणि आम्ही मराठी माणसं ते ऐकून पळत जाऊन जागा धरतो. बसमध्ये एक अर्थ आणि घरात दुसरा. आमच्या डोक्यात दोन्ही सुखानं नांदतात, एकमेकांना धक्का लावत नाहीत. त्यामुळं मला सुचलं नाही, अण्णांना सुचलं नाही, आणि चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या कुणालाही सुचलं नाही.

सगळा माल मोजून मशीनमध्ये भरायचा तो दिवस रविवार ठरला, कारण त्या दिवशी दुकान बंद. मी थांबणारच होते. अण्णाच म्हणाले, "तू जा गं, पोरीला बघून ये. मी हाय न्हवं हितं? सगळ्यांना शिकवलंयस तू, काय अडतंय?" मला भरून आलं. शनिवारी मी सगळ्यांना शिकवलं होतं हे खरं, पण आक्का त्या दिवशी सौंदत्तीला देवाला गेली होती. आक्का आमच्याकडं जुनी, घड्या घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. कन्नडच बोलते, मराठी समजतं. रविवारी खालचे कप्पे नेमके तिच्याकडं दिले, कारण तिला शिडीवर चढवत नाही.

आक्कानं पहिला खालचा कप्पा वाचला. पडद्यावर आलं, रॅक एक खाली. आत तर लग्नाच्या बस्त्याचा माल गच्च भरलेला. तिला वाटलं, हा माल कोगनोळीला जायचाय म्हणतात, तेव्हा कॉम्प्युटरनं आधीच काढून टाकलेला दिसतोय. तरी शहाणी बाई, तिनं आपल्या मनानं काही केलं नाही. दुसरा वाचला, तिसरा वाचला, आणि उठून अण्णांकडं गेली. अण्णा फोनवर होते. तिनं विचारलं, "अण्णा, एल्ला खाली तोरसाकत्तैती," म्हणजे सगळं खाली दाखवतंय. अण्णांच्या कानात मराठी खाली शिरलं. खालचा कप्पा खालीच दाखवणार की! फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "हौदु, ओके माडवा." बरोबर आहे, ओके कर. आक्कानं प्रत्येक खालच्या कप्प्यापुढं शून्य घालून ओके केलं.

ऐन लग्नसराईत आमच्या गोडाऊनमधला सगळा बस्त्याचा माल कॉम्प्युटरच्या हिशेबी नाहीसा झाला. दुकान शहरात, तिथली पोरं कॉम्प्युटर बघून बोलतात. गडहिंग्लजचं एक जुनं गिऱ्हाईक, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचं, सगळं घर घेऊन बस्त्याला आलं. त्यांना इरकल हव्या होत्या. दुकानातून सांगितलं, शिल्लक नाहीत. ते उठले आणि समोरच्या दुकानात जाऊन बसले. मालकांना कळलं तेव्हा ते स्वतः गोडाऊनवर आले आणि इरकलीचे गठ्ठे खालच्या कप्प्यात, त्यांच्या गुडघ्याशी होते.

आत बोलावणं येण्याआधी आक्कानं मला घडलेलं सगळं सांगितलं. मला खरं म्हणजे हसू आलं. तिला म्हटलं, "घाबरू नको. अण्णा सांगतील मालकांना." मला मनापासून तसं वाटत होतं. मालक घरात कन्नड आणि गल्ल्यावर मराठी बोलणारे. असली गोष्ट त्यांना एका वाक्यात कळली असती. चिडले असते, मग हसले असते, आणि चार ठिकाणी सांगत फिरले असते.

मालकांनी विचारलं, कप्प्यांना ही नावं कुणी दिली, आणि शून्य करायला कुणी सांगितलं. मराठीतच विचारलं. अण्णा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते कन्नडमध्ये म्हणाले, "नंग गोत्तिल्ल री." मला ठाऊक नाही जी. "मशीनद एल्ला अकीनं माड्याळ." मशीनचं सगळं तिनंच केलंय.

इतक्या वर्षांत माझ्यासमोर अण्णा मालकांशी कधी कन्नड बोलले नव्हते. मला कन्नड येतं हे त्यांना पक्कं माहीत. मग कशासाठी? मला वाटतं, आपल्या भाषेत तेवढं खोटं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नसतं. का मीच उगाच त्यांना चांगलं ठरवायला बघते? खोटं ते खोटं.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हणाले, "अण्णा, वर-मधे-खाली तुम्हीच टाकायला सांगितलं न्हवं? आणि रविवारी मी हितं नव्हतेच." मालकांनी आक्काकडं बघितलं. आक्कानं पदर दातात धरला आणि जमिनीकडं बघत राहिली. मग अण्णांनी जे केलं ते माझ्या अजून घशाखाली उतरत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मालकांना म्हणाले, "लहान हाय, भ्यालीया. पदरात घ्या तिची चूक. पुढनं मी बघतो मशिनांचं." मालक निवळले. अण्णांकडं बघून मान डोलावली, कसला मोठ्या मनाचा माणूस म्हणून.

नोकरी राहिली माझी. अण्णांच्या कृपेनं राहिली, असं सगळे म्हणतात. आक्का दुपारी डबा घेऊन माझ्याजवळ आली. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मी काय बोलू गं, माझ्या सुनेला त्यानंच लावलंय कामाला." तिच्यावर मला राग धरता आला नाही. पण तिच्या डब्यातलं मी काही घेतलं नाही.

कोगनोळी अण्णांना मिळालं. त्यांचंही घर निपाणीलाच, त्यांनाही रोज घरी जायचं असणारच. मला म्हणाले असते, 'पोरी, माझंही वय झालं, मलाच जाऊ दे,' तर मी रडले असते आणि हो म्हटलं असतं. माझ्याकडनं मागून घ्यायचं सोडून त्यांनी ते काढून घेतलं. वर मला समजावलं, "तात्पुरतं हाय गं. राग धरू नगंस."

आणि तिथल्या गन चालू करायला कुणाला पाठवलं? मलाच. मालकांची व्हॅन सकाळी मला घेऊन गेली. नवं गोडाऊन छान होतं, रंगाचा वास येत होता. मी चौकटी वाचल्या, तारखा लावल्या, कप्प्यांच्या नावापाशी आले तेव्हा अण्णा म्हणाले, "हितं ए-बी-सीच टाक." चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. मी टाकलं. मग इनचार्ज म्हणून त्यांचं नाव टाकलं. शेवटी पासवर्ड राहिला. ते म्हणाले, "मला काय ध्यानात राहतंय? तुझ्या पोरीचं नाव टाक, मला पाठ हाय ते."

मी म्हटलं, "न्हाय."

"का गं?"

"तिचं नाव न्हाय टाकणार अण्णा मी. तुमच्या नातवाचं टाका."

ते हसले. अजून राग हाय व्हय, म्हणाले. मी नातवाचं नाव टाकून गन त्यांच्या हातात दिली. त्यांनी चहा मागवला होता, तो तसाच ठेवून मी व्हॅनमध्ये जाऊन बसले.

परतीचा रस्ता निपाणीवरूनच जातो. पुलावरून आमच्या गल्लीकडची झाडं दिसतात. ड्रायव्हर चांगला होता, दहा मिनिटं थांब म्हटलं असतं तर थांबला असता. तेवढ्यात आईच्या फोनवरून पोरीचा फोन आला. शाळा सुटून घरी आली होती. तिला आईनं काहीतरी सांगितलं असणार, किंवा गल्लीतल्या कुणी. ती म्हणाली, "आई, तू निपाणीला आलीयास न्हवं? हितंच राहणार न्हवं आता? मी तुझी उशी काढून ठेवलीया."

खिडकीतून गाव मागं चाललेलं मला दिसत होतं. मी तिला म्हटलं, "न्हाय गं राणी, मी बेळगावातच हाय." आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तशी ती म्हणाली, "मग गाडीचा आवाज कसला येतोय?"